जीन, स्कॅन आणि विसरायला लागण्याआधीची वर्षं : अल्झायमरच्या संशोधनाची थोडी पार्श्वभूमी

अल्झायमरवरचं आजकालचं काहीही वाचायला घ्या, एपीओई-४ (एपीओई या जीनचा एक प्रकार), मेंदूचे पेट स्कॅन (थोडा किरणोत्सारी पदार्थ शरीरात सोडून काढलेले) आणि अगदी सुरुवातीची स्मरणशक्तीची घसरण या तीन गोष्टी हटकून एकत्र येतात. त्यामुळे वाटतं की संशोधन पहिल्यापासून असंच चाललंय. पण तसं नाहीये, या तिन्ही गोष्टी कितीतरी वर्षं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या लॅबमध्ये शोधल्या आणि त्यांची गाठ पडली ती १९९५ च्या आसपास. हा सगळा प्रवास नीट माहीत नसला की मग 'जीन सापडला म्हणजे रोग होणारच' अशी भीती बसते आणि ती भीती मला फार अन्यायाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आलोइस अल्झायमरने १९०६ मध्ये ज्या बाईच्या मेंदूचं वर्णन केलं ती दवाखान्यात आली तेव्हा फक्त ५१ वर्षांची होती, त्यामुळे झालं काय की हा आजार मध्यमवयातला दुर्मिळ आजार म्हणूनच पुस्तकात गेला आणि सत्तरी-ऐंशीतल्या माणसांचं विसरणं म्हणजे वय झालं, चालायचंच, असं धरलं गेलं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये म्हाताऱ्या रुग्णांच्या मेंदूतले प्लाक, म्हणजे प्रोटीनचे साचलेले गोळे, मोजून दाखवले, मग १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून लिहिलं की दोन्ही आजार एकच आहेत, आणि तिथून हा दुर्मिळ आजार एकदम लाखो लोकांचा झाला. पण खात्रीचं निदान मात्र तेव्हाही माणूस गेल्यावरच, मेंदू कापून मायक्रोस्कोपखाली बघितल्यावरच.

जीनची बाजू सुरू झाली ती डाउन सिंड्रोममुळे. या लोकांमध्ये २१ वा क्रोमोसोम तीनदा असतो आणि चाळिशीपर्यंत त्यांच्या मेंदूत अल्झायमरसारखेच प्लाक दिसायला लागतात. जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी १९८४ मध्ये प्लाकमधला प्रोटीन, म्हणजे अमायलॉइड बीटा, वेगळा केला, तो ज्या जीनमधून बनतो तो जीन २१ व्या क्रोमोसोमवरच निघाला, आणि १९९१ मध्ये लंडनच्या टीमला एका कुटुंबात त्यात बिघाड सापडला. १९९५ मध्ये प्रेसेनिलिनचे दोन जीन सापडले. हे तिन्ही जीन फार कडक आहेत, बिघाड आला की आजार जवळजवळ नक्की आणि तोही तरुणपणीच, पण अशी कुटुंबं जगात अगदी थोडी आहेत.

एपीओईची गोष्ट पूर्ण वेगळी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अ‍ॅलन रोझेस यांच्या टीमला म्हातारपणच्या अल्झायमरचा धागा १९ व्या क्रोमोसोमकडे जाताना दिसत होता, आणि सगळ्यांचं लक्ष २१ वर असल्यामुळे फारसं कोणी मनावर घेत नव्हतं. तिथेच वॉरन स्ट्रिटमॅटर अमायलॉइडला कोणते प्रोटीन चिकटतात ते बघत होते, त्यात एपीओई मिळाला, जो कोलेस्टेरॉल आणि बाकी चरबी वाहून नेतो म्हणून आधीपासून माहीत होता, आणि त्याचा जीन नेमका १९ व्या क्रोमोसोमवर! १९९३ मध्ये त्यांनी ४२ कुटुंबांचा अभ्यास छापला, त्यात एपीओई-४ च्या प्रती (आईकडून एक, वडिलांकडून एक अशा जास्तीत जास्त दोन) शून्यावरून दोनवर गेल्या की आजार सुरू व्हायचं सरासरी वय ८४ वरून ६८ वर येत होतं. पण ही कुटुंबं मुळात आजार असलेलीच निवडली होती हे विसरू नका. एपीओई-४ हा रिस्क वाढवणारा जीन आहे, तो असलेली कितीतरी माणसं म्हातारपणी छान शाबूत असतात, आणि तो नसलेल्यांनाही अल्झायमर होतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. रिस्क कोणाला जास्त आहे हे आधी कळतंय म्हटल्यावर प्रश्न आला की त्यांच्या मेंदूत आत्ता, काही त्रास नसताना, काय चाललंय? १९९५ मध्ये गॅरी स्मॉल यांच्या टीमने आणि १९९६ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एरिक रायमन यांच्या टीमने हेच बघितलं. रायमन यांनी ५० ते ६५ वयाची, एपीओई-४ च्या दोन्ही प्रती असलेली ११ माणसं घेतली, स्मरणशक्ती पूर्ण नॉर्मल, आणि ग्लुकोजच्या पेट स्कॅनमध्ये मेंदूच्या ज्या भागात अल्झायमरच्या रुग्णांची साखर कमी वापरली जाते त्याच भागात यांचीही कमी दिसली. २००४ मध्ये तर २० ते ३९ वयाच्या लोकांमध्येही तसाच फरक मिळाला. याचा अर्थ विशीतच आजार सुरू झाला असा लावायचा का? माझ्या मते नाही. कदाचित या मेंदूंची घडणच थोडी वेगळी असेल. २००० मध्ये सुझन बुकहायमर यांच्या टीमने उलट बाजू दाखवली, आठवायचं काम दिल्यावर एपीओई-४ वाल्यांचा मेंदू एफएमआरआयमध्ये (काम करत असलेल्या मेंदूचा एमआरआय) जास्त जोरात काम करताना दिसला, जणू तेच काम करायला त्याला जास्त मेहनत पडत होती, आणि ज्यांच्यात हा जोर जास्त होता त्यांची स्मरणशक्ती पुढच्या दोन वर्षांत जास्त घसरली.

हे सगळं तोवर आडूनच चाललं होतं, प्लाक प्रत्यक्ष कोणी जिवंत माणसात पाहिलेच नव्हते. पिट्सबर्गच्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉइडला चिकटणाऱ्या एका जुन्या रंगावर बरीच वर्षं काम करून पेट स्कॅनसाठी पदार्थ तयार केला, त्याचा माणसावरचा पहिला स्कॅन २००२ मध्ये स्वीडनमध्ये उप्सालाला झाला आणि २००४ मध्ये तो जगासमोर आला. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा दुसरा प्रोटीन म्हणजे टाऊ, त्याचा स्कॅन बराच नंतर आला, अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मंजुरी मिळाली. आणि अमायलॉइड दिसायला लागल्यावर नवाच पेच उभा राहिला, कारण ठणठणीत असलेल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतही तो भरपूर सापडला, एपीओई-४ च्या प्रती जितक्या जास्त तितका जास्त.

स्मरणशक्तीच्या बाजूला १९७५ ची तीस मार्कांची फोलस्टाइन टेस्ट होती, पण ती सुरुवातीच्या घसरणीसाठी फार ढोबळ आहे, शिकलेला माणूस ती सहज पास होतो. १९९९ मध्ये मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी नॉर्मल आणि डिमेन्शिया यांच्या मधल्या अवस्थेची, एमसीआयची, नीट व्याख्या केली. आणि २००९ मध्ये रिचर्ड कॅसेली यांच्या टीमने आठशेहून जास्त लोकांना वर्षानुवर्षं तपासून दाखवलं की एपीओई-४ वाल्यांची स्मरणशक्ती साठीच्या आधीच बाकीच्यांपासून वेगळी पडायला लागते, डॉक्टरांच्या लेखी ते अजून नॉर्मल असतानाच. म्हणून कोणी म्हणालं की मला पूर्वीसारखं आठवत नाही, तर 'अरे सगळ्यांचंच होतं' म्हणून उडवून लावू नये असं मला मनापासून वाटतं.

नेमका क्रम कळला तो मात्र त्या कडक जीनवाल्या कुटुंबांमुळे, कारण तिथे आजार साधारण कोणत्या वयात येणार हे आधीच सांगता येतं. २०१२ मध्ये रँडल बेटमन यांच्या टीमने मांडलं की पाठीच्या कण्यातल्या पाण्यातलं अमायलॉइड आजाराच्या अंदाजे २५ वर्षं आधी बदलायला लागतं, स्कॅनमध्ये ते १५ वर्षं आधी दिसतं, ग्लुकोज आणि बारीकसारीक आठवणी १० वर्षं आधी ढासळतात. कोलंबियात फ्रान्सिस्को लोपेरा यांनी आयुष्यभर अशाच एका मोठ्या घराण्याचा अभ्यास केला, तिथे चाळिशीतच विसरणं सुरू होतं. आणि त्याच घराण्यातली एक बाई सत्तरीपर्यंत शाबूत राहिली! मेंदूत अमायलॉइड खच्चून भरलेला, टाऊ मात्र कमी, आणि तिच्याकडे एपीओईचाच एक फार दुर्मिळ प्रकार दोन्ही प्रतींमध्ये होता. २०१९ मध्ये ही केस छापून आली तेव्हा जीनचं भविष्य अटळ समजणाऱ्यांना थांबून विचार करावा लागला.

हे सगळं माणसाला सांगायचं की नाही यावरही बराच वाद झाला. २००७ मध्ये डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांचा पूर्ण जीनोम वाचला गेला तेव्हा त्यांनी एपीओई मला सांगू नका आणि छापूही नका म्हणून सांगितलं, नंतर लक्षात आलं की शेजारच्या भागावरून तो ओळखता येतो, मग तोही भाग काढावा लागला. दुसरीकडे २००९ च्या रिव्हील अभ्यासात, रुग्णांच्या मुलांना नीट समुपदेशन करून रिझल्ट सांगितला तर ती खचून जात नाहीत असं दिसलं. नीट समजावून हा भाग महत्त्वाचा, नुसता रिपोर्ट ईमेलवर टाकणं मला मान्य नाही.

आता हा प्रश्न टाळताही येत नाही, कारण २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळालेलं लेकानेमॅब हे अमायलॉइड काढून टाकणारं औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका एपीओई-४ च्या दोन प्रती असलेल्यांना सगळ्यात जास्त निघाला. म्हणजे ज्यांना औषधाची गरज जास्त त्यांनाच त्याचा धोकाही जास्त, आणि म्हणूनच आता इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टर जीनची टेस्ट करून घ्यायला सांगतात आणि मधूनमधून एमआरआय काढत राहतात.