बाळाच्या शीचा रंग: हिरव्याची धास्ती, पांढऱ्याकडे दुर्लक्ष

तान्ह्या बाळाची शी हिरवी झाली की कोणी म्हणते थंडी बाधली, कोणी बाळंतिणीने खाल्लेल्या पालेभाजीला दोष देते आणि मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली जाते. शी पांढुरकी झाली तर मात्र ‘दूधच पिते, मग पांढरीच होणार’ अशी समजूत करून घेतली जाते. वास्तविक काळजी नेमकी उलटी करायला हवी.

शरीरातील जुन्या तांबड्या पेशी मोडतात, तेव्हा त्यांतील हिमोग्लोबिनपासून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवे आणि त्यापासून बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य तयार होते. मुका मार लागलेली जागा काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळी होत जाते ती याच क्रमामुळे. यकृत हे बिलिरुबिन पाण्यात विरघळेल असे करून पित्तावाटे आतड्यात सोडते आणि मोठ्या माणसांत तेथील जिवाणू त्यापासून तपकिरी स्टर्कोबिलिन बनवतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात हे काम करणारे जिवाणू फार थोडे असल्याने रंग पिवळाच राहतो, आणि ऑक्सिडीकरण झाले की पुन्हा हिरव्याकडे झुकतो. लंगोटावरची हळदुली शी काही वेळ उघडी राहिली की कडेने हिरवट पडते, ते याचेच प्रात्यक्षिक होय.

बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल आणि शी मऊ असेल, तर हिरव्या रंगाला औषध लागत नाही. महिना-दीड महिन्यानंतर अंगावरच्या बाळाला तीन-चार दिवस शी न होणेही नैसर्गिक असू शकते. पाण्यासारखे जुलाब, रक्त, किंवा लघवी कमी होणे ही लक्षणे मात्र वेगळी; तेव्हा अंगावर पाजणे न थांबवता दवाखाना गाठावा. पोट फुगले म्हणून मेळघाटात बाळांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके दिल्याच्या बातम्या अजूनही येतात. ही अघोरी प्रथा उपचार नसून निव्वळ इजा आहे.

पांढुरकी किंवा मातकट शी म्हणजे पित्त आतड्यात उतरतच नाही. जन्मतः पित्तनलिका बंद होत जाण्याच्या विकारात असे घडते. जोडीला दोन आठवड्यांनंतरही न जाणारी कावीळ आणि लंगोटावर डाग पाडणारी पिवळी लघवी दिसते. यावर जपानी शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. तैवानमध्ये २००४ पासून आईच्या हाती शीच्या रंगांचे चित्रकार्ड दिले जाते. आपल्याकडे दीड महिन्याच्या लसीला बाळ डॉक्टरांसमोर येते, तेव्हा त्या ६० दिवसांपैकी ४२ संपलेले असतात; म्हणून फिकट शी दिसताच, लसीच्या तारखेची वाट न पाहता, तो लंगोट सोबत घेऊनच बालरोगतज्ज्ञांकडे जावे.