ग्रेड परीक्षेच्या मागचे साउथ केन्सिंग्टन

इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेत 'ए' श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण, 'बी'ला ५, 'सी'ला ३. चित्रकलेच्या निकालाला बक्षिसी जोडायची ही सरकारी रीत जुनी आहे. तिचा उगम लंडनचा, आणि तिथेही ती कलाप्रेमातून आली नव्हती.

१८३५ मध्ये विल्यम एवर्ट यांच्या पुढाकाराने ब्रिटिश संसदेने एक चौकशी समिती नेमली. दुखणे व्यापाराचे होते: यंत्रे इंग्रजांची, पण रेशमावरची नक्षी फ्रेंचांची सरस, म्हणून गिऱ्हाईक तिकडे. त्यातून १८३७ मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी डिझाइन शाळा उघडली. मंजूर रक्कम १,५०० पौंड. मानवाकृतीचे रेखाटन सुरुवातीला मुद्दाम बाहेर ठेवले. मुले कारखाना सोडून चित्रकार व्हायला निघतील, ही धास्ती.

१८५१ च्या महाप्रदर्शनातून सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक राहिले आणि त्यांतून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातली जमीन घेतली गेली. १८५३ मध्ये विज्ञान आणि कला खाते उभे राहिले आणि पुढे ते याच जागेवर गेले. कारभार हेन्री कोल यांचा, तर कलेचा अभ्यासक्रम रिचर्ड रेडग्रेव्ह यांचा. त्यात २३ पायऱ्या होत्या. पहिलीवर उपकरणांनी रेघा, दुसरीवर सपाट नमुन्यावरून मुक्तहस्त बाह्यरेषा, मग छायांकन. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला ते संकल्पन (डिझाइन) थेट बाविसावीवर! कारण उघड आहे. बाह्यरेषा नमुन्याशी ताडून कोणीही तपासू शकतो. कल्पना तशी तपासता येत नाही. परिणामही तसाच झाला. प्लास्टरच्या एका नमुन्याचे छायांकन महिनोन् महिने चाले: खडूचे बारीक ठिपके भरायचे, जास्त गडद झाले की पावाच्या गराने उचलायचे. कागद गुळगुळीत होई, पण हात अडून बसे.

विज्ञान शिकवणाऱ्यांना १८५९ पासून विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या निकालावर पैसे मिळू लागले. १८७० च्या दशकात प्राथमिक पातळीवर पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण विद्यार्थ्यामागे २ पौंड, दुसऱ्या श्रेणीला १ पौंड असा हिशेब होता. विद्यार्थी श्रमिक वर्गातला हवा. प्रश्नपत्रिका लंडनहून मोहोरबंद येत, स्थानिक समितीसमोर फुटत आणि उत्तरपत्रिका तपासायला लंडनलाच परत जात. शाळेला इमारत, प्रयोगशाळा, पगारी शिक्षक असे काही उभे करण्याआधीच वर्ग सुरू करता येत होता. त्यामुळे छोट्या गावांतही रसायन, भूविज्ञान पोहोचले. ही या पद्धतीची खरी कमाई. पण पैसे उत्तरावर मिळतात म्हटल्यावर परीक्षानळी हातात घेण्यापेक्षा तिचे वर्णन पाठ करणे स्वस्त पडले. इंग्लंडमधल्या मिडहर्स्टच्या शाळेत पुढे कादंबरीकार झालेले एच. जी. वेल्स हे असेच, जवळजवळ कागदोपत्रीच असलेल्या संध्याकाळच्या वर्गांत एकटे पाठ्यपुस्तके वाचून परीक्षा देत. अनुदान शिकवणाऱ्याला, वेल्सना मात्र त्यातूनच १८८४ मध्ये आठवड्याला एक गिनीची शिष्यवृत्ती लाभली. जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८७१ मध्ये शिक्षकांनाच सूक्ष्मदर्शकासमोर बसवायला सुरुवात केली, ती नेमकी याच दुखण्यावर. खाते १८९९ मध्ये नव्या शिक्षण मंडळात विलीन झाले.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा निघाली. १८६५ मध्ये तिथे शिकवायला आलेले जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग दोघेही साउथ केन्सिंग्टनच्या मुशीतले. नक्कल करण्याची ती तालीम एका ठिकाणी सार्थकी लागली: ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बऱ्याच साउथ केन्सिंग्टनलाच पाठवल्या आणि १८८५ च्या आगीत जळाल्या.

१८७९ मध्ये रेखाकला शालेय विषय झाली आणि १८९३ मध्ये रेखाकला शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. पुढे १९६५ मध्ये राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय निघाले. ग्रेड परीक्षा आता तेच घेते. 'ग्रेड' हा शब्द तिकडचाच. लंडनच्या दुसऱ्या ग्रेडला मुक्तहस्त, वस्तुचित्र, भूमिती, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) असे पेपर असत. इथल्या एलिमेंटरीत वस्तुचित्र आणि भूमिती टिकून आहेत, भूमितीच्या जोडीला अक्षरलेखन आले आहे, आणि रेडग्रेव्ह यांनी बाविसाव्या पायरीवर ठेवलेले संकल्पचित्र मुलांना पहिल्याच परीक्षेत काढावे लागते.