स्टँडबाय सर्व्हर (छोट्या ऑफिससाठी)

स्टँडबाय सर्व्हर म्हणजे तयार ठेवलेलं दुसरं मशीन. मुख्य सर्व्हरवरचा डेटा त्याच्यावर सतत किंवा ठराविक वेळाने उतरत राहतो आणि मुख्य मशीन बसलं की काम तिथून पुढे चालू करता येतं. हे मोठ्या कंपन्यांचं काम असा समज आहे पण तो चुकीचा आहे, पाच-दहा कॉम्प्युटरच्या सीए ऑफिसला याची गरज जास्तच असते, कारण २० तारखेला क्लायंट्सचे मासिक जीएसटीआर-३बी (जीएसटीचं रिटर्न) भरायचे असताना टॅलीचा सर्व्हर गेला तर काम हलवायला दुसरं मशीन नसतं आणि क्लायंटला दिवसाला ५० रुपयांप्रमाणे लेट फी चालू होते.

कोल्ड, वॉर्म आणि हॉट असे तीन प्रकार सांगतात. कोल्ड म्हणजे मशीन बंद ठेवलेलं, लागेल तेव्हा डेटा चढवायचा. वॉर्म चालू असतं आणि डेटा थोडा मागे असतो. हॉटमध्ये जवळजवळ त्याच क्षणाचा डेटा असतो. छोट्या ऑफिसला बहुतेक वेळा वॉर्म पुरतं. पंधरा मिनिटांच्या एंट्र्या परत मारता येतात, आठवड्याच्या नाही.

विंडोजवर सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारं विंडोजचं साधन) रोबोकॉपी ही फाइली कॉपी करणारी कमांड लावणे. व्हर्च्युअल मशीन (एका मशीनमध्ये सॉफ्टवेअरने चालवलेलं दुसरं मशीन) वापरत असाल तर त्याची प्रत दुसरीकडे ठेवणारी हायपर-व्ही रेप्लिका आहे, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून त्यात ३० सेकंद, ५ मिनिटं किंवा १५ मिनिटं असा वेळ निवडता येतो. लिनक्सवर १९९६ पासून असलेलं आरसिंक (बदललेला भागच कॉपी करणारं साधन) आजही उत्तम चालतं, आणि डेटाबेस पोस्टग्रेसचा असेल तर ९.० व्हर्जनपासून (२०१०) त्याचं स्वतःचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (प्रत्येक बदल लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवणं) आहे, मग फाइली कॉपी करत बसूच नये. चालू डेटाबेसची किंवा उघड्या टॅली कंपनीची फाइल तशीच कॉपी केली तर ती अर्धवट उतरू शकते आणि हे कळतं ते नेमकं गरजेच्या वेळी. म्हणून विंडोजची शॅडो कॉपी (चालू फाइलींची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) वापरायची, नाहीतर सगळे बाहेर पडल्यावर कॉपी लावायची.

पहिली कॉपी किती वेळ घेईल हे नेटवर्क स्विचवर ठरतं. गिगाबिट स्विचवर १ टीबी डेटा अडीच-तीन तासांत जातो, जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर जवळजवळ अख्खा दिवस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्टँडबाय म्हणजे बॅकअप नाही. कोणी फोल्डर डिलीट केला तर रोबोकॉपीचा मिरर (दोन्हीकडे तंतोतंत सारखं ठेवणारा) पर्याय तो स्टँडबायवरूनही उडवतो, रॅन्समवेअरने फाइली लॉक केल्या तर लॉक झालेल्याच फाइली इकडे येतात. त्यामुळे तारखेवार जुन्या प्रती वेगळ्या ठेवायच्याच आणि त्यातली एक तरी ऑफिसच्या बाहेर. शिवाय हिशोबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक ठेवणाऱ्या कंपन्यांना ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप ठेवणं बंधनकारक आहे.

खरी गडबड होते ती बदली करताना, म्हणजे काम स्टँडबायवर हलवताना. ऑफिसमधल्या मशीन्सवर ड्राइव्ह मॅप करताना (सर्व्हरचं फोल्डर जोडताना) आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता नाही, त्याचं नाव वापरायचं, म्हणजे ते नाव स्टँडबायकडे वळवलं की प्रत्येक टेबलावर जाऊन सेटिंग बदलावं लागत नाही. टॅलीचं लायसन्स दुसऱ्या मशीनवर कसं चालू होतं तेही आधीच करून बघायचं. आणि जुन्या सर्व्हरची लॅन केबल काढल्याशिवाय स्टँडबाय पुढे आणायचा नाही. बऱ्याच सर्व्हरच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) लाइट परत आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, म्हणजे दुपारी लाइट आली, जुना सर्व्हर गुपचूप उठला, आणि अर्ध्या लोकांची बिलं इकडे अर्ध्यांची तिकडे जायला लागली. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात आणि असे दोन डेटा नंतर एक करणं फार जिकिरीचं काम आहे, व्हाउचर नंबरसुद्धा दोन्हीकडे तेच पडलेले असतात.

छोट्या ऑफिसमध्ये बदली आपोआप होऊ देऊ नये, माणसाने बघून करावी. दोन मशीनमध्ये कोण जिवंत आहे हे ठरवायला तिसरा साक्षीदार लागतो आणि तो अशा ठिकाणी सहसा नसतो. सगळ्या पायऱ्या कागदावर लिहून सर्व्हरजवळच चिकटवायच्या, बंद पडलेल्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये नाही.

मुख्य मशीन दुरुस्त होऊन आलं की लगेच त्यावर परत जायची घाई नको. आधी स्टँडबायवरचा नवा डेटा उलटा त्याच्यावर उतरवायचा आणि मग सुट्टीच्या दिवशी बदली करायची. दोन्ही मशीन्स सारख्याच ताकदीची असतील तर तेवढंही नको, दुरुस्त झालेलं मशीन स्टँडबाय म्हणून लावलं की झालं.