लेव्हल-१ आणि एस-१ : नाशिकच्या दोन शिपायांच्या पगारामागची गोष्ट

समजा, पंचवटीत एकाच वाड्यात दोन भाडेकरू आहेत. एक गडकरी चौकात आयकर खात्यात एमटीएस, म्हणजे मल्टी टास्किंग स्टाफ. दुसरा सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकासमोर कलेक्टर कचेरीत शिपाई. दोघंही फायली इकडून तिकडे नेतात, टपाल वाटतात, साहेबांची घंटी वाजली की उठतात. सातव्या वेतन आयोगानंतर नव्याने लागलेल्या पहिल्याचा मूळ पगार १८,००० पासून सुरू झाला (केंद्राची सर्वांत खालची पायरी, लेव्हल-१), दुसऱ्याचा १५,००० पासून (राज्याची सर्वांत खालची, एस-१). कांदा मात्र दोघांना एकाच भावाने मिळतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला आणि अहवालाला अठरा महिन्यांची मुदत दिली. तेव्हापासून कचेऱ्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न आहे, ‘फिटमेंट किती?’, म्हणजे जुन्या पगाराला कितीने गुणणार. माझं निम्मं आयुष्य नेमणुका आणि पगार बघणाऱ्या आस्थापना शाखेत गेलं, त्यामुळे हा प्रश्न मलाही रोज विचारला जातो. मला उत्तर माहीत नसतं. या तीन हजारांच्या फरकाचं उत्तर मात्र माहीत आहे, आणि ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं.

सरकारी कामाला ठरावीक पगार ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. गावचं दप्तर कुलकर्णी लिहायचा, वसुली पाटील करायचा, आणि दोघांना मिळायचं ते वतन, म्हणजे इनाम जमीन, मानपान आणि हक्क. कामाचा मोबदला घराण्याला मिळायचा, माणसाला नव्हे. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्यात ही व्यवस्था बांधून घेतली, मोडली नाही. पुढे हळूहळू कुलकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने. राहिला तो कोतवाल. त्याच्याकडे शेवटी येऊ.

वरच्या टोकाला वेगळाच हिशोब होता. आयसीएस, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सनदी सेवेतल्या अधिकाऱ्याचा पगार ठरवताना विलायतेतून माणूस इथे येईल का, हे बघितलं जायचं. १९१२ साली नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगाने त्यालाच तत्त्वाचं रूप दिलं : योग्य माणूस नोकरीत येईल आणि टिकेल एवढा पगार द्यावा, त्याहून जास्त नको. बाजाराचा नियम म्हणून हे ठीकच आहे. पण शिपायाला तो लावला तर फार स्वस्तात काम भागतं, कारण शिपाई व्हायला रांग कायमच लांब असते.

१९४६ मध्ये नेमलेल्या पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाने या तत्त्वावर बोट ठेवलं. अध्यक्ष होते श्रीनिवास वरदाचारियार. खालच्या माणसाचा पगार केवळ मागणी-पुरवठ्यावर सोडता येणार नाही, जगण्याचा खर्च धरावाच लागेल, ही त्यांची भूमिका. त्यातून सर्वांत खालचा पगार निघाला ५५ रुपये : ३० मूळ आणि २५ महागाई भत्ता. वरची मर्यादा २,००० धरली. महागाई भत्ता ही मुळात युद्धकाळातली तात्पुरती सोय. ती तेव्हा पगाराला चिकटली ती आजतागायत.

याच सुमाराचं नाशिकरोड डोळ्यांसमोर आणा. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. पंचम जॉर्जचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट नाशिकरोडला छापली गेली आणि मग नोटा इथलाच माल झाला. २००६ मध्ये महामंडळ होईपर्यंत हे कारखाने थेट अर्थखात्याचे होते, म्हणजे तिथला कामगार केंद्र सरकारचा नोकर, वेतन आयोगाच्या कक्षेतला. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगारपत्रकावर रसीदी तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही करायची, मग नोटा मोजून घ्यायच्या. तिकिटं आणि नोटा, दोन्ही गावातल्याच. ज्यांच्या हातून देशाचा पैसा बाहेर पडायचा, त्यांचा स्वतःचा पैसा दिल्लीतला आयोग ठरवायचा.

किती पैसा पुरे, यावरचा खरा वाद १९५७ मध्ये पेटला. त्या वर्षी पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचं मोजमाप ठरवलं. कुटुंब म्हणजे तीन ‘खाणारे’ धरायचे, प्रौढाला दिवसाला २,७०० उष्मांक, हा आहारतज्ज्ञ वॉलेस आयक्रॉइड यांचा हिशोब. कापड वर्षाला ७२ वार, शिवाय घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेला एकूण पगाराच्या २० टक्के. म्हणजे तांदूळ, डाळ, तेल, भाजी यांचा बाजारभाव हातात घेऊन खालून वर पगार मांडत जायचं. त्याच वर्षी नेमलेल्या जगन्नाथ दास यांच्या दुसऱ्या आयोगाने १९५९ च्या अहवालात हे मोजमाप नाकारलं आणि किमान पगार ८० रुपयांवर ठेवला. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचारी संपावर गेले. सरकारने अध्यादेश काढून संप बेकायदा ठरवला आणि पाच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. गंमत अशी की २०१५ मध्ये सातव्या आयोगाने १८,००० चा आकडा काढला तो याच आयक्रॉइड सूत्राने. एका तराजूला सरकारदरबारी जागा मिळायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

१९७३ च्या तिसऱ्या आयोगाने प्रथमच सैन्यदलांचाही पगार तपासला. देवळाली कॅम्पाजवळ राहणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल. तिथे वर्दीतला जवान आणि त्याच आवारात काम करणारा मुलकी कारकून शेजारी शेजारी असतात. तोवर कारकुनाचा पगार मुलकी आयोग ठरवायचा, जवानाचं मात्र वेगळं पान असायचं.

आता आपलं राज्य. केंद्राचा आयोग राज्यांवर बंधनकारक नसतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, आणि मग १९६० च्या महाराष्ट्रात, एकाच सचिवालयाखाली तीन ठिकाणची माणसं आली : जुन्या मुंबई राज्याची (नाशिक त्यातलं), हैदराबादेतून आलेल्या मराठवाड्याची आणि मध्य प्रदेशातून आलेल्या विदर्भाची. इकडचा अव्वल कारकून तिकडच्या कोणाच्या बरोबरीचा, हे ठरवणं हेच मोठं काम होतं. पुढे बडकस आयोगाने राज्याच्या वेतनश्रेण्यांची घडी बसवली.

पण राज्याने केंद्राच्या मागोमाग जायचं हा रिवाज पडला तो डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेल्या संपाने. कर्मचारी नेते र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली तो ५४ दिवस चालला. मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील. मागणीचं सार एका शब्दात होतं, ‘केंद्राप्रमाणे’. महागाई भत्ता केंद्राच्या दराने हवा, कारण महागाई दिल्लीला एक आणि नाशिकला दुसरी नसते. त्या संपात घर कसं चालवलं, हे जुनी माणसं अजून सांगतात. कुणी उधारीवर किराणा आणला, कुणी गावी शेतावर गेलं. आज दिल्लीत भत्त्याचा टक्का वाढला की दुसऱ्या दिवशी इथे ‘आपला जीआर कधी?’ सुरू होतं, त्याचं मूळ तिथे आहे.

त्याच काळात राज्याच्या भोळे आयोगाच्या श्रेण्या १ एप्रिल १९७६ पासून लागू झाल्या. त्या वेळचं एखादं सेवापुस्तक उघडा. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, आणि लिपिकाच्या नेमणुकीच्या नोंदीत शाईने लिहिलेलं असतं : २६०-१०-३९०-१५-४२०-द.रो.-१५-४९५. नवीन मुलांना हे कुलूप उघडायच्या आकड्यांसारखं वाटतं. वाचायची रीत सोपी आहे. सुरुवात २६० ला, दरवर्षी १० वाढत ३९० पर्यंत, मग १५ ने ४२० पर्यंत, आणि तिथे द.रो., म्हणजे दक्षतारोध. साहेबांनी काम समाधानकारक असल्याचा शेरा दिला तर पुढे सरकायचं, नाहीतर ४२० वरच थांबायचं. आकडाही काय नेमका निवडलाय.

हीच लिपिकाची जागा १९८६ पासून ९५०-१५०० झाली, १९९६ पासून ३०५०-४५९० (तोवर दक्षतारोध गेला होता), २००६ पासून ५,२००-२०,२०० अधिक ग्रेड पे (पदाच्या दर्जाप्रमाणे मिळणारी जोड रक्कम) १,९००, आणि २०१६ पासून एस-६, म्हणजे १९,९००-६३,२००. काम तेच : आवक-जावक, टिपणी, स्मरणपत्र. चौथ्या आयोगाने केंद्रातल्या पुष्कळ श्रेण्या ३६ वर आणल्या, पाचव्याने वाढलेल्या ५१ पुन्हा ३४ केल्या. श्रेण्या कमी करायच्या म्हणजे दोन-तीन पदं एका ओळीत कोंबायची. मग त्यातलं एक म्हणतं, मी याच्या वर होतो, आता बरोबरीला कसा? यालाच कचेरीच्या भाषेत वेतनत्रुटी म्हणतात. प्रत्येक आयोगानंतर त्रुटी काढायला वेगळी समिती बसते, आणि ती उठायच्या आत पुढचा आयोग येतो.

सहावा आयोग आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेल्या न्या. श्रीकृष्ण यांचा. त्यांनी श्रेण्यांचे चार मोठे पट्टे केले आणि दर्जा ठरवायला ग्रेड पे आणला. आपल्या दोन शिपायांची वाट इथेच फुटली. केंद्राने ‘ड’ वर्ग, म्हणजे शिपाई वगैरेंचा सर्वांत खालचा वर्ग, मोडीत काढायचं ठरवलं. दहावी झालेल्याला किंवा प्रशिक्षण घेतलेल्याला १,८०० ग्रेड पे देऊन वरच्या पट्ट्यात घेतलं. उरलेल्यांसाठी ४,४४०-७,४४० अशी एक तात्पुरती खालची श्रेणी ठेवली, नाव १-एस. राज्यात हकीम समितीच्या शिफारशींवर २००९ चे नियम आले तेव्हा शिपाई याच खालच्या श्रेणीत बसला, ग्रेड पे १,३००. केंद्राची तात्पुरती पायरी राज्यात कायमची झाली. सातव्या आयोगात दोन्हींना २.५७ ने गुणलं. केंद्राच्या ७,००० चे (५,२०० अधिक ग्रेड पे १,८००) १८,००० झाले, आणि राज्याची खालची श्रेणी १५,००० वर उतरली. बक्षी समितीनंतर ३० जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत तिचं नाव पडलं एस-१. गुणाकार दोघांना सारखाच होता. फरक गुणकात नव्हता, दहा वर्षांपूर्वीच्या ओळीत होता.

सातव्या आयोगाचा तक्ता, ज्याला सगळे मॅट्रिक्स म्हणतात, पारदर्शक आहे हे खरं. आपलं घर शोधा आणि दरवर्षी एक घर खाली या. पण त्यातही नशिबाचा भाग राहतोच. उदाहरणादाखल दोन लिपिक घ्या. पहिल्याचा जुना पगार ग्रेड पेसह १०,४२०. गुणिले २.५७ म्हणजे २६,७७९. एस-६ च्या रकान्यात त्याहून मोठं पहिलं घर २६,८०० चं, तिथे तो बसला. दुसऱ्याचा १०,४६०. गुणाकार २६,८८२. हा २६,८०० च्या जरासा पुढे गेल्यामुळे पुढचं घर, २७,६००. जुन्या चाळीस रुपयांचे आठशे झाले. वेतननिश्चितीच्या दिवसांत असे हिशोब कागदावर करून दाखवले की माणसं आधी हसायची, मग गप्प व्हायची, आणि मग नव्या श्रेणीत कधीपासून जायचं याचा विकल्प बदलता येतो का ते विचारायची.

राज्यात प्रत्यक्ष पगार जानेवारी २०१९ पासून मिळाला. मागच्या तीन वर्षांचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचं ठरलं, त्यातला एक कोविडमध्ये पुढे ढकलला गेला. मध्यंतरी बढती न मिळणाऱ्यांसाठी १९९४ पासून बारा वर्षांची कालबद्ध पदोन्नती होती, नंतर ती आश्वासित प्रगती योजना झाली, आणि आता दहा-वीस-तीस, म्हणजे नोकरीच्या दहा, वीस आणि तीस वर्षांनी मिळणारा लाभ. ‘माझं वीस लागलं का?’ हा प्रश्न ऐकून बाहेरच्याला वाटेल की सट्टा चाललाय. या सगळ्याचा शेवटचा हिशोब सेवानिवृत्तीच्या आधी वेतन पडताळणी पथकाकडे जातो. सेवापुस्तकातली प्रत्येक निश्चिती तिथे पुन्हा तपासली जाते, आणि वीस वर्षांपूर्वी चुकीच्या तारखेला दिलेली एक वेतनवाढसुद्धा तिथे पकडली जाऊ शकते. म्हणून शहाणा लिपिक निवृत्तीच्या आदल्या वर्षीच आपलं पुस्तक पडताळून घेतो. मीही घेतलं.

आणि कोतवाल. पाटील गेला, कुलकर्णी गेला, तलाठ्याला एस-८ आली. सजात, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांत, त्याचा निरोप पोचवणारा, पंचनाम्याला हजर राहणारा, निवडणुकीत पेट्या सांभाळणारा कोतवाल मात्र मानधनावर आहे. चतुर्थ श्रेणी द्या, ही त्याची कैक वर्षांची मागणी. २०२५ मध्ये त्याचं नाव बदलून ‘महसूल सेवक’ केलं. मानधन वेळोवेळी वाढलं, पण मॅट्रिक्समध्ये त्याचं घर नाही. एस-१ हा तक्त्यातला पहिला रकाना आहे, त्याच्या डावीकडे कागदाची कड येते.