एंड्युरन्स घोड्याची तयारी

एंड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडशर्यतीसाठी (साधारणतः ४० ते १६० किमी.) घोड्याचा दम टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत. माणसांच्या लांब पल्ल्याच्या धावण्याचा तिच्यावर प्रभाव आहे. तो कितपत, याविषयी मतभेद आहेत. आधी काही महिने संथ व लांब मजल, मग चढ, शेवटी वेग हा क्रम न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या नावे सांगितला जातो. त्यांचे शिष्य पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मी. शर्यत जिंकल्यावर त्याचा बोलबाला झाला. मात्र १८९२ च्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बर्लिन–व्हिएन्ना स्वारीत (सु. ५८० किमी.) अनेक घोडे दगावले होते आणि अमेरिकेत १९१९ पासून घोडदळाच्या पाच दिवसांत ३०० मैलांच्या चाचण्या होत होत्या. तेव्हा चाल बेताची ठेवण्याचा धडा घोडदळाने आपल्या अनुभवातूनच घेतला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नाडीवरून विश्रांती ठरवण्याचे श्रेय मात्र धावण्याकडे जाते. १९३० च्या दशकात जर्मनीत गेर्शलर व राइंडेल यांनी धावपटूची नाडी मिनिटाला १८० ठोक्यांपर्यंत चढवून ती १२० वर उतरल्यावरच पुढची धाव घेण्याची रीत बसवली. एंड्युरन्समध्ये पशुवैद्यकीय थांब्यावर घोड्याची नाडी ठराविक मिनिटांत ६४ पर्यंत उतरावी लागते (विश्रांतीतील नाडी सु. २८ ते ४०). म्हणून सरावातही ती किती लवकर उतरते, यावर लक्ष ठेवतात.

देवघेव उलट दिशेनेही झाली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या कॅलिफोर्नियातील टेव्हिस कप या १०० मैलांच्या घोडशर्यतीचा मार्ग १९७४ मध्ये गॉर्डी एन्सली यांनी पायी २४ तासांच्या आत पुरा केला. त्यातून वेस्टर्न स्टेट्स ही धावशर्यत निघाली.

हृदय व स्नायू काही महिन्यांत तयार होतात. कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) व हाडांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. नवख्या धावपटूची नडगी दुखते तीही बहुधा या तफावतीमुळेच. फरक इतकाच की, घोडा लंगडेपर्यंत तक्रार करत नाही.

आहारात साम्य संपते. स्नायूंतील ग्लायकोजेन (साखरेचा साठा) भरून यायला माणसाला साधारण एक दिवस, तर घोड्याला दोन-तीन दिवस लागतात. धावपटूंप्रमाणे शर्यतीआधी पिष्टमय खाणे वाढवल्यास पोटशूळ व खुरांचा दाह संभवतो. शिवाय घोड्याच्या घामात क्षार भरपूर असल्याने घाम जाऊनही रक्त फारसे दाट-खारट होत नाही. तहानेचा इशारा रक्ताच्या त्या बदलातूनच मिळतो, त्यामुळे पाणी कमी पडलेल्या घोड्यालाही तहान लागेलच असे नाही.