बॅटरीची बैठक : गाडीतल्या बॅटरीचा डबा आणि तो पक्का बसवायची रचना

बॅटरीची बैठक म्हणजे गाडीतली बॅटरी जिच्यावर बसते आणि जिच्यामुळे जागची हलत नाही ती सगळी रचना. यात खालचा ट्रे आला, वरून किंवा पायाशी धरणारी पट्टी आली, हुक बोल्ट, रबर, आणि बॅटरीचा स्वतःचा डबासुद्धा आला, कारण त्याला कुठून धरायचं हे डबा बनवतानाच ठरलेलं असतं. गॅरेजमध्ये या सगळ्याला मिळून नुसतं 'क्लॅम्प' म्हणतात. विषय बारीक वाटतो, पण कोकणात राहणाऱ्या माणसाने तो नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण इथे गाडी घाटात वळते, खड्ड्यात आपटते, चार महिने भिजते आणि उरलेले आठ महिने खारं वारं खाते, आणि या सगळ्याचा मार शेवटी त्या दोन बोल्टांवर येतो.

आधी डब्याच्या आत काय आहे ते बघू. नेहमीची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे एका डब्यात सहा खण, प्रत्येक खणात एक सेल, सेलमागे साधारण 2.1 व्होल्ट. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाने 1859 मध्ये केली, आणि 1881 मध्ये कामीय फोर याने शिशाच्या प्लेटांवर लेप लावायची पद्धत काढली, ती आजही चालू आहे. हा लेप ठिसूळ असतो. बॅटरी सारखी थरथरत राहिली की तो प्लेटेच्या जाळीवरून सुटतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो, यालाच बॅटरीवाले 'प्लेटा झडल्या' म्हणतात, आणि गाळ साचत साचत प्लेटांच्या खालच्या कडेला टेकला की सेल आतल्या आत शॉर्ट. म्हणून जुन्या डब्यांच्या तळाला उंच पट्ट्या ठेवलेल्या असायच्या, गाळाला जागा मिळावी म्हणून. आता प्लेटाच पिशवीसारख्या पडद्यात घालतात त्यामुळे गाळ पिशवीतच राहतो आणि तळाची उंची वाचते, पण झडलेला लेप काही परत प्लेटेवर चढत नाही, तेवढी ताकद कमी झाली ती झालीच.

डबा पूर्वी एबोनाइटचा म्हणजे कडक रबराचा असायचा आणि वरून डांबरासारख्या मसाल्याने बंद केलेला, वजनाला जड आणि आपटला की तडा. नंतर पॉलिप्रॉपिलीन आलं. त्याला आम्ल खात नाही, ते पाण्यापेक्षा हलकं असतं आणि झाकण उष्णता देऊन डब्याला वितळवून चिकटवता येतं, त्यामुळे आख्खा डबा एकजीव होतो. एक दोष मात्र आहे, सतत दाब असला आणि बॉनेटखालची गरमी असली की हे प्लास्टिक हळूहळू दबतं. आज घट्ट आवळलेली पट्टी सहा महिन्यांनी सैल लागते ती नेहमी बोल्ट ढिला झाला म्हणून नाही, कधी कधी खालचं झाकणच केसभर बसलेलं असतं. स्प्रिंग वायसर घालायचा तो यासाठी.

आता हलण्याबद्दल. छोट्या कारची बॅटरी धरू 12 किलोची. चाक खड्ड्यात जाऊन बॉडी वर उसळते आणि परत खाली जाते तेव्हा ट्रे बॅटरीच्या खालून निघून जातो, बॅटरी क्षणभर हवेत राहते आणि मग आपटते. समजा त्या आपटण्यात चार जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या चौपट, इतका झटका बसला तर 12 किलोची बॅटरी त्या क्षणी 48 किलोची होते, आणि हे एकदा नाही, चिपळूणहून रत्नागिरीला जाईपर्यंत किती वेळा ते त्या रस्त्याने गेलेल्याला विचारा. पट्टीचं खरं काम हे की बॅटरी आणि ट्रे यांच्यात फटच पडू द्यायची नाही, दोघांनी मिळून एकच वस्तू असल्यासारखं हलायचं. फट राहिली की हातोडा तयार झाला.

दुसरी हालचाल वळणावरची. परशुराम घाटात किंवा आंबोलीला वळण घेताना बॅटरी बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते. यात आकाराचा किती फरक पडतो ते साध्या हिशेबाने दिसतं. जपानी मापाची बी 20 बॅटरी साधारण 127 मिलिमीटर रुंद आणि 203 उंच असते. वजनाचा मध्य अर्ध्या उंचीवर धरला तर न बांधलेली बॅटरी अरुंद बाजूला कलंडायला 0.63 जी इतका आडवा जोर पुरतो. जर्मन पद्धतीची 175 रुंद आणि 190 उंच बॅटरी घेतली तर तोच आकडा 0.92 होतो. म्हणजे उंच आणि सडसडीत बॅटरी मुळातच कलंडायला तयार असते, तिला वरून धरावं लागतं, आणि बसकी रुंद बॅटरी पायाशी धरली तरी भागतं. वळणाचा जोर एकट्याने एवढा होत नाही पण वळणातच खड्डा आला की दोन्ही एकत्र होतात, आणि आपल्या घाटात खड्डा वळणातच असतो कारण पाणी तिथेच वाहतं.

पट्ट्यांचे दोन मुख्य प्रकार यातूनच आले. जपानी पद्धत म्हणजे ट्रेला अडकवलेले दोन लांब हुक बोल्ट आणि बॅटरीच्या डोक्यावरून जाणारी आडवी पट्टी. मारुतीबरोबर ही मापं आपल्याकडे रुळली, 38बी20एल असला नंबर दुकानात बोर्डावर दिसतो तो जपानीच, त्यातला बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट आणि 20 म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, अंदाजे. या पद्धतीत पट्टी झाकणाच्या कडेवर बसली पाहिजे, जिथे खाली डब्याची उभी भिंत आहे. मधोमध पोकळ भागावर दाब आला आणि कुणी जोर लावून आवळली तर झाकण वाकतं, आतल्या खणांच्या भिंतींवर ताण येतो, मग तडा आणि आम्लाची ओल. दुसरी पद्धत युरोपियन, आता बऱ्याच देशी गाड्यांतही आहे, हिला दुकानदार जर्मन मानकाच्या नावावरून 'डीआयएन बॅटरी' म्हणतात. हिच्या डब्याच्या पायाला बाहेर आलेली कड असते, साधारण साडेदहा मिलिमीटर उंचीची, एका बाजूने ती ट्रेच्या ओठाखाली सरकवायची आणि दुसऱ्या बाजूने पाचरीसारखा तुकडा एका बोल्टने आवळायचा. सगळा जोर तळातून जातो, भिंती आणि झाकण मोकळे राहतात. माझ्या मते रचना म्हणून हीच सरस आहे, फक्त बोल्ट अगदी खाली आणि अडचणीत असतो त्यामुळे बॅटरी बदलताना पोरं तो लावायचा कंटाळा करतात आणि गाडी तशीच पाठवतात. आमच्या घरच्या गाडीची बॅटरी अशीच पाचरीशिवाय बसवून दिली होती, दोन पावसाळे आम्हाला पत्ताच नव्हता, ट्रेच्या कोपऱ्यावर घासून घासून डब्याच्या पायाला खाच पडली तेव्हा कळलं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते माप बदलल्यावर. मूळच्यापेक्षा मोठी बॅटरी घेतली, म्युझिक सिस्टीमसाठी किंवा जादा लायटींसाठी, की जुनी पट्टी बसत नाही, मग ट्यूबच्या पट्टीने नाहीतर सरळ सुंभाने बांधतात. सुंभ ओला झाला की वेगळा ताणला जातो, सुकला की वेगळा, आणि त्याला आम्ल लागलं तर काथ्या खलास. बांधलंय असं दिसतं, धरलेलं काहीच नसतं. आणि अशा वेळी बॅटरीला धरून ठेवायचं काम केबलवर येतं, ते तर अजिबात होऊ नये. टर्मिनलचा शिशाचा खांब मऊ असतो, नेहमीच्या मापात प्लसचा वरचा व्यास 17.5 मिलिमीटर आणि मायनसचा 15.9, छोट्या जपानी मापात 14.7 आणि 13. केबलने सारखा हिसका दिला की खांब झाकणात ढिला होतो आणि तिथून आम्ल पाझरून हिरवी-पांढरी बुरशी चढते. प्लसवर रबरी टोपी का असते तर बॅटरी उडून बॉनेटच्या पत्र्याला खांब टेकला तर तिथल्या तिथे जाळ होऊ शकतो, टोपी हरवली असेल तर नवीन घ्या, किरकोळ किमतीची असते. जाळाचं अजून एक कारण म्हणजे चार्ज होताना निघणारा हायड्रोजन, हवेत तो 4 टक्क्यांच्या वर गेला की ठिणगी पुरते, म्हणून पट्टी किंवा कव्हर बसवताना वायू जायची भोकं झाकली जाणार नाहीत हे बघायचं.

रबराबद्दल गैरसमज खूप आहे. लोकांना वाटतं खाली मऊ स्पंज घातला की बॅटरीला धक्के लागणार नाहीत. उलट होतं. बॅटरीच्या वजनाने स्पंज दोन मिलिमीटर दबला तर त्या बॅटरीचा स्वतःचा झोका सेकंदाला साधारण 11 वेळा असा येतो, आणि खराब रस्त्यावर चाकाची थडथड 10 ते 15 च्या दरम्यानच असते. दोन्ही जुळले की झोका वाढतच जातो, देवळातल्या घंटेला लयीत धक्का दिल्यासारखा. पातळ आणि कडक रबर घातलं तर ते जेमतेम दबतं, मग बॅटरीचा झोका त्या थडथडीच्या कितीतरी वर जातो आणि रबर फक्त घासणं थांबवतं, तेवढंच त्याचं काम. गॅरेजवाले जुन्या ट्यूबचा तुकडा घालतात तो खरं तर वाईट नाही, ट्यूब बहुतेक ब्यूटाइल रबराची असते आणि तिला आम्ल सहज खात नाही, एकच थर घाला, चार घड्या नको.

मग खारं वारं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं त्यामुळे पत्रा वरून सुकलेला दिसला तरी फटीत ओलच असते, आणि गंज लागतो तोही फटीत, ट्रेच्या खाली वेल्डिंग केलेला नट असतो तिथे आधी. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडलाच्या फेरीबोटीतून गाडी नेली की तुषार येतात ते बॉनेटच्या फटीतून आत जातात, त्यात बॅटरीचं थोडं आम्ल मिसळलं तर रंगाचा थर टिकत नाही. चांगल्या ट्रेला पाणी जायला भोक असतं, ते आंब्याच्या आणि सुरूच्या पाल्याने बुजतं, पावसाआधी तारेने मोकळं करावं. लोखंडी ट्रे कुजला असेल तर परत पत्रा मारण्यापेक्षा प्लास्टिकचा मिळत असेल तर तो घ्यावा. बोल्ट स्टीलचा टाकला की झालं असंही नाही, स्टेनलेस बोल्ट ॲल्युमिनियमच्या डब्यात खाऱ्या ओलीत बसवला की दोन धातूंची आपसात छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं, बोल्ट नवा आणि भोवतीचं भोक पांढऱ्या पुडीने पोखरलेलं. मध्ये नायलॉनचा वायसर आणि ग्रीस पाहिजे. कारखान्यात याची परीक्षा 5 टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात 35 अंशांवर सुटा भाग ठेवून करतात, पण त्या पेटीत थरथर नसते आणि चिखलही नसतो.

याचं सगळ्यात कठीण उदाहरण म्हणजे मासळीचे टेम्पो. मिरकरवाडा किंवा हर्णैहून बर्फातली मासळी घेऊन निघालेल्या गाडीच्या हौद्यातून खारट पाणी सतत चॅसीवर गळत असतं, आणि ट्रक-टेम्पोची बॅटरी बहुतेक वेळा चॅसीच्या बाजूलाच पत्र्याच्या पेटीत टांगलेली असते, मोठ्या ट्रकला तर 24 व्होल्टसाठी दोन. पेटी चॅसीला एकाच बाजूने धरलेली, म्हणजे भिंतीत ठोकलेल्या फळीसारखी, सगळा जोर वरच्या बोल्टांवर आणि वाकण्याच्या कोपऱ्यावर. तिथे वेल्डिंगला तडा जातो. पेटीखालून चॅसीपर्यंत तिरका आधार दिला की तो ताण खूप उतरतो, आणि झाकणाला कड खाली वळवलेली असली तर वरून गळणारं पाणी आत न जाता बाहेर टपकतं. चिऱ्याच्या खाणीवर जाणाऱ्या ट्रकांना तेच, मिठाच्या जागी जांभ्याची लाल धूळ, ती पाण्यात कालवली की भोकं सिमेंटसारखी बंद.

इलेक्ट्रिक गाड्यांत गोष्ट पूर्ण बदलते कारण तिथे बॅटरी म्हणजे गाडीच्या पोटाखालचा मोठा चपटा डबा असतो, कारमध्ये शेकडो किलोचा, आणि तो पट्टीने धरलेला नसतो तर कितीतरी बोल्टांनी बॉडीचाच भाग झालेला असतो. डब्याच्या कडेला ॲल्युमिनियम किंवा पोलादाच्या पोकळ चौकटी असतात, बाजूने धडक बसली तर आधी त्या चेपाव्यात आणि सेलपर्यंत काही पोचू नये म्हणून. खालून दगड लागू नये म्हणून वेगळी ढाल. झाकण आणि डबा यांच्यात रबराची अखंड कड, आणि आतली हवा गरम-गार होताना फुगते-आकसते म्हणून एक बारीक श्वासाचं छिद्र, ज्याच्या पडद्यातून हवा जाते पण पाणी जात नाही. गाड्यांना आगी लागल्यावर आपल्याकडे नियम कडक झाले, दुचाकी-तिचाकीसाठी एआयएस-156 (एआयएस म्हणजे गाड्यांची भारतीय मानकं) आणि चारचाकीसाठी एआयएस-038 ची दुसरी सुधारणा, पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून. त्यात थरथर आणि धक्क्याच्या चाचण्या आहेत.

जाहिरातीत आयपी 67 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल, एवढाच. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी एक मीटर नव्हतं आणि अर्धा तासही नव्हतं, कित्येक तास गाड्या बुडालेल्या होत्या. अशा पुरातून निघालेली इलेक्ट्रिक गाडी चालू करून बघायची नाही आणि चार्जिंगलाही लावायची नाही, मोकळ्या जागेत ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवायचं. काढता येणाऱ्या बॅटरीच्या स्कूटरला अजून एक बघावं लागतं, खाचेत डबा किंचित जरी डुगडुगत असेल तर कनेक्टरच्या पिना घासतात, काळ्या पडतात आणि तापतात.

साध्या गाडीची बैठक तपासायला हत्यार लागत नाही. इंजिन बंद, अंगठी-घड्याळ काढलेलं, दोन्ही हातांनी डब्याची अंगं धरायची, टर्मिनल नाही, आणि पुढे-मागे, आडवी, मग वर अशी हलवून बघायची. गाडी हलली आणि बॅटरी तिच्याबरोबर हलली तर ठीक. टक असा बारीकसा आवाज जरी आला तरी पट्टी आवळायची, बोल्ट बसल्यावर अजून अर्धा फेरा जोर काढायचा नाही. बुरशी असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून धुवायची, झाकणाच्या भोकात ते पाणी जाऊ द्यायचं नाही, सुकवून पेट्रोलियम जेली लावायची, हुक बोल्टाच्या आट्यांनाही लावायची. कोकणात हे वर्षातून दोनदा, मे अखेर आणि गणपती झाल्यावर.