काळ्या दगडाचे जोते (ठाणे परिसर)

काळ्या दगडाचे जोते : ठाणे शहर आणि बेलापूर पट्टीतील जुन्या घरांचा घडीव बेसाल्टचा (लाव्हा निवून बनलेल्या काळ्या खडकाचा) चौथरा. वर विटा, लाकूड आणि कौले. दगड बहुधा कमरेच्या वर जात नाही. राजस्थानात अख्खी हवेली वालुकाश्मात उभी राहते, तसे इथल्या गृहस्थाला परवडले नाही. याचे कारण खडकाच्या जन्मात आहे.

वालुकाश्म ही साचलेली वाळू. नदीने, वाऱ्याने वा समुद्राने आणलेले कण थरांवर थर दाबले जाऊन सिलिका, चुना किंवा लोहसंयुगांनी सांधले जातात. लोहामुळे तांबूस-पिवळी झाक येते, थरांवर फरशा सुटतात आणि पाथरवटाची टाकी (छिन्नी) सहज चालते. जाळ्या-झरोक्यांची हौस या मऊपणातून आली. ठाण्याचा डोंगर मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा निवताना आकसला, तडकला. त्याला फरशीसारखा पदर नाही. पाथरवटाला दगडाची एकेक बाजू घाव घालून काढावी लागते. कोरीव काम होत नाही असे नाही : अंबरनाथचे शिवमंदिर (शिलालेख शके ९८२, इ. स. १०६०) याच जातीच्या खडकात आहे. पण त्यामागे शिलाहार राजांचा खजिना होता.

घरमालकाने म्हणूनच दगड नेमका जिथे हवा तिथेच लावला. चार महिन्यांचा पाऊस आणि जमिनीतून चढणारी ओल घट्ट बेसाल्ट अडवतो. उन्हाळ्यात ओटा गारही राहतो. मात्र सगळा काळा दगड सारखा नसतो. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट (एक फिकट खनिज), गारगोटी भरून पांढरे ठिपके दिसतात. असा दगड लवकर कुजून मुरूम होतो. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर बाजूला. तरीही एखादा ठिपकेवाला दगड जोत्यात जातोच आणि पुढे ठिपके गळून त्याची चाळण होते.

ठाण्याजवळच्या पारसिक डोंगराच्या पोटातून १९१६ साली रेल्वेचा बोगदा गेला. त्याच डोंगररांगेतल्या खाणींनी पुढे नवी मुंबईच्या काँक्रीटला खडी पुरवली. घडीव चिऱ्याचे दिवस तिथे संपले. वालुकाश्म आता इथे पोहोचला आहे, पण बंगल्यांच्या भिंतींवर चिकटवलेल्या ढोलपुरी (राजस्थानातल्या ढोलपूरच्या) फरशीच्या रूपात. खरे तर वालुकाश्माचे थर भिंतीत आडवे हवेत. फरशी उभी लावली की थर दर्शनी बाजूला समांतर येतात, खाडीच्या वाऱ्यातले मीठ छिद्रांत शिरून स्फटिक धरते आणि पापुद्रे सुटू लागतात. शोभेपुरते ठीक.

जुने घर पाडताना जोत्याचे दगड उपटले की घडाईचा हिशेब उघडा पडतो. दर्शनी तोंड आणि चुन्याच्या दरजेला टेकणाऱ्या कडा तेवढ्या साफ. मागचा भाग खाणीतून निघाला तसाच, ओबडधोबड आणि निमुळता.